लिचवाट

झिला मेड मेली ती मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर. त्याआधी मरायची तिची तयारीच नव्हती. "बर्फात पेटी उचलणाऱ्या बायांचे पाय घसरतील आणि मला आपटतील खाली," असं ती नाताळापासून म्हणत होती. डॉक्टरने दोनदा आशा सोडली, तरी म्हातारी हट्टाने श्वास घेत पडून राहिली. मग एका सकाळी खिडकीतून डोंगराची काळी पाठ दिसली, तशी तिने लेकीला हाक मारली.

"रेकलिंग, वाट मोकळी झाली का गं?"

"बर्फापुरती झाली, आई," थर्झा म्हणाली. "फाटक आहेच."

"फाटकाचं तू बघ," म्हातारी म्हणाली, आणि दुपारी गेली.

रेकलिंग म्हणजे वेतातलं शेवटचं, सगळ्यात किरकोळ पिल्लू. जगेल की नाही म्हणून चुलीपाशी टोपलीत ठेवतात ते. थर्झा ही झिलाची सहावी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि बावन्न वर्षांची झाली तरी चार बायांत उभी राहिली की दिसायची नाही. धाकट्या वयात शाळेतल्या बाईंनी याच शब्दावरून तिच्या हातावर छडी मारली होती. "अशा शब्दांना इंग्रजी म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या होत्या. झिलाला हे कळलं, तेव्हा ती शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. "मग काय म्हणतात?" तिने विचारलं. पण छडी काही थांबली नाही, आणि गावातली बाकीची पोरं हळूहळू ते शब्द विसरली. झिलाच्या घरात मात्र ते ताटवाट्यांसारखे रोजच्या वापरात राहिले.

ओव्हरगिल ही डोंगराच्या वरच्या अंगाला टेकलेली दहाबारा घरं. चर्च आणि दफनभूमी खाली किर्कबेकला, मध्ये डोंगराची सोंड. त्या सोंडेवरून जाते ती लिचवाट. लिच म्हणजे प्रेत. ओव्हरगिलचा प्रत्येक मेलेला माणूस याच वाटेने गेलाय. वाटेत मध्यावर एक सपाट दगड आहे, लिचदगड; त्यावर पेटी टेकवायची, दम घ्यायचा, पुढे निघायचं. आणि ओव्हरगिलमध्ये पोरगं चालायला लागलं की त्याला एक गोष्ट सांगतात: जिथून लिच गेली, ती वाट कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. फक्त एकदाही चुकवायची नाही. एक लिच जरी दुसरीकडून गेली, तरी वाट संपली.

आता हे कायद्यात कुठे आहे? कुठेच नाही. शहरातला कुठलाही वकील पोट धरून हसेल. हसू दे.

तर या डोंगराची शिकारीची जमीन दोन वर्षांपूर्वी मिस्टर स्टॅनफर्थ यांनी विकत घेतली. लोकरीच्या गिरण्यांवर गबर झालेला माणूस. बोलायला गोड, कपड्यांना इस्त्री, घरात पुस्तकांची खोली. पिढ्यानपिढ्या डोंगर तुडवला इतरांनी, आणि हा आयत्या बिळावर नागोबा. माळावरची रानकोंबडी वसंतात अंडी घालते, लोक ये-जा करतात, कोंबडी बुजते, ऑगस्टात पाहुण्यांना मारायला काही उरत नाही. म्हणून त्याने गेल्या शरदात बरोबर लिचदगडापाशी भिंतीच्या खिंडीत फाटक बसवलं आणि साखळी घालून कुलूप ठोकलं. बसवलं कुणी? एनॉक डाउसनने. एनॉक ओव्हरगिलचाच, स्टॅनफर्थचा शिकार-राखणदार. त्याच्या पाठीमागे गावाने त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गावाची बैठक झाली होती. स्टॅनफर्थ स्वतः आले होते, हसतमुख. ते म्हणाले, "मी घरी शब्दकोशात पाहिलं. तुमचा तो शब्द आहे, नाही असं नाही. पण त्याच्या पुढे कट्यारीसारखी एक छोटी खूण आहे. ती खूण ज्या शब्दापुढे असते, तो शब्द मेलेला असतो. मेलेल्या शब्दावर कुणी वहिवाट सांगतं का?"

पुस्तकाचं नाव घेतलं की गरीब माणूस गप्पच बसतो. फक्त झिला, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली, म्हणाली होती, "शब्द मेला असेल, तर त्यालाही पुरायला याच वाटेने न्यावं लागेल, साहेब."

त्यानंतर हिवाळाभर गाव लांबच्या मोटाररस्त्याने वळसा घालून जात होतं. कुरकुरत होतं, पण जात होतं. मधल्या काळात कुणी मेलं नव्हतं, म्हणून वाट अजून जिवंत होती. आता झिला मेली होती. म्हातारी मेल्याचं दुःख थर्झाला होतंच, ऊर फुटेल इतकं होतं. पण काळ सोकावत होता, ते त्याहून वाईट.

संध्याकाळी खालून रेव्हरंड हॉलरॉइड आले. भला माणूस, पण रविवारचं जेवण स्टॅनफर्थकडे घेणारा. टोपी हातात फिरवत त्यांनी निरोप सांगितला: स्टॅनफर्थसाहेबांना फार वाईट वाटलंय. ते स्वतःच्या खर्चाने शववाहिनी पाठवतील. काळी मोटार, काचेची, फुलांसकट. मोटाररस्त्याने अर्ध्या तासात चर्चला.

"आईला मोटार लागायची," थर्झा म्हणाली. "एकदा बसली होती, ओकली."

"थर्झा, आता तिला काय लागणार आहे?"

"तुम्हीच विचारताय हे? तुम्हीच तर दर रविवारी सांगता, मेलेल्याला सगळं कळतं म्हणून."

पाद्रीबाबा म्हणाले, "बाई गं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस. तुझ्या मेंढ्या त्यांच्याच माळावर चरतात."

"माझ्या मेंढ्या माझ्या आईच्या माळावर चरतात," थर्झा म्हणाली. "चहा घ्या, थंड होतोय."

त्या रात्री तिला झोप आली नाही. घाबरली नव्हती असं कसं म्हणू? चांगली घाबरली होती. एवढीशी बाई, नवरा नाही, भाऊ कॅनडात आणि खाणीत पांगलेले. पेटीजवळ बसून ती आईला एकदा म्हणालीसुद्धा, "तू सुटलीस. मला मात्र अडकवून गेलीस." मग उठली आणि पाव भाजायला घेतले, शहाजिरं घातलेले, हाताच्या पंजाएवढे. आर्व्हलचे, म्हणजे मयताच्या जेवणाचे पाव.

ओव्हरगिलची रीत अशी: पुरुषाला पुरुष उचलतात, बाईला बाया. आठ जणी, काळ्या पोशाखावर पांढरे रुमाल. पेटी खांद्यावर घेत नाहीत. तिच्याखालून तागाचे लांब पंचे घालतात आणि दोन्ही बाजूंनी हाताने तोलतात. चालताना पुढची विचारते, "थोल?" आणि बाकीच्या म्हणतात, "थोल." थोल म्हणजे सोसवतंय का. हा शब्दही पुस्तकात मेलेलाच असणार. पण पंच्याचा पीळ तळहातात रुतत असताना दुसरा कुठला शब्द तोंडात येतो ते शब्दकोशवाल्याने एकदा पेटी उचलून बघावं.

सकाळी निघाले. पुढे आठ बाया, त्यांत थर्झा डोक्याच्या बाजूला. मागे पुरुष, टोपल्या आणि बियरचं पिंप घेऊन, कारण दफनानंतर खाली चर्चच्या पडवीत आर्व्हल करायचं होतं. सगळ्यांत मागे तट्टावर बेट्सी ट्राउझडेल. वय एक्क्याण्णव, दात दोन, जीभ मात्र अख्खी. तिला घरी राहा म्हटलं तर म्हणाली, "झिला माझ्यापेक्षा लहान. पुढे घुसलीय रांगेत. मला बघायचंय कशी जाते ते."

चढ संपला आणि फाटक दिसलं. पलीकडे स्टॅनफर्थ उभे होते, टोपी काढून, आणि शेजारी एनॉक, कमरेला किल्ली. पाद्रीबाबाही खालून वर येऊन त्यांच्याजवळ थांबले होते.

"थोल?" पुढची म्हणाली.

"थोल," सगळ्या म्हणाल्या, पण आवाज दमले होते. पेटी लिचदगडावर टेकली.

"मिस मेड," स्टॅनफर्थ म्हणाले, आणि आवाज खरोखर मऊ होता. "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. मी काही राक्षस नाही. हे फाटक मी आत्ता उघडायला लावतो. तुम्ही फक्त विचारा. 'जाऊ का?' एवढंच. माझी परवानगी घेतली की झालं. पाहिजे तर हार घालून नेतो मी तुमच्या आईला."

घ्या! एवढंच तर होतं. दोन शब्द. बायांचे हात लाल झाले होते, वारा कानाला चावत होता. पाद्रीबाबा फाटकावरून वाकून कुजबुजले, "म्हण थर्झा, म्हणून टाक. देवाच्या दारात जायचंय तिला, कशाला ताटकळवतेस?"

थर्झाने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर ते दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. कुणाच्या आले नसते? पण आई आयुष्यभर कुणाला 'जाऊ का' म्हणाली नव्हती, आणि आज मेल्यावर तिच्या वतीने नाक मुठीत धरून म्हणायचं? आणि आज विचारलं, की उद्या विचारावंच लागणार. विचारून मिळालेली वाट ज्याने दिली त्याचीच राहते. हे कळायला वकील लागत नाही.

"नाही विचारत," ती म्हणाली.

"काय?"

"ओझं थोलायचं असतं साहेब. अपमान नाही. मी विचारणार नाही."

"मग मी उघडणार नाही," स्टॅनफर्थ म्हणाले. आता मऊपणा गेला होता.

"ठीक आहे," थर्झा म्हणाली, आणि वळली. "टोपल्या पुढे आणा. आर्व्हल इथेच."

बाया चपापल्या. आर्व्हल माती दिल्यानंतर करतात, आधी कधीच नाही. "अगं, अपशकुन होईल," एक म्हणाली.

तट्टावरून बेट्सी कडाडली, "कसला अपशकुन गं? आर्व्हल म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुम्हा टवळ्यांना? तुम्हाला वाटतं, मेलेल्याच्या नावाने हॅम खायचा आणि ढेकर द्यायची! आर्व्हल म्हणजे वारसाचं पेय. माझी आजी सांगायची. वारस उभा राहतो, मेलेल्याने काय ठेवलं ते बोलून दाखवतो, आणि जो जो त्याचा पाव खातो, तो साक्षीदार होतो. ठेवलेली वस्तू जिथे असेल तिथे आर्व्हल करावं. बरोबर करतेय रेकलिंग. मला आधी द्या, मला चावायला वेळ लागतो."

मग थर्झा लिचदगडाजवळ आईच्या डोक्याशी उभी राहिली. पायाखाली दगडाची पायरी घेतली, नाहीतर दिसली नसती.

"झिला मेडने मला काय ठेवलं ते ऐका. घर ठेवलं. मेंढ्या ठेवल्या. तिच्या आजीने पेटवलेला, अजून न विझलेला चुलीतला विस्तव ठेवला. तिचे शब्द ठेवले, मेलेले म्हणतात ते सगळे. आणि ही वाट ठेवली. जो माझा पाव खाईल, तो याला साक्षी."

ती टोपली घेऊन निघाली. सगळ्यांनी घेतला, म्हाताऱ्यांनी डोळे पुसत, तरुणांनी स्टॅनफर्थकडे बघत. एकाने तर दोन घेतले आणि म्हणाला, "मी दोनदा साक्षी." मग टोपली फाटकापाशी आली. गजांमधून तिने पहिला पाव पुढे केला तो खुद्द स्टॅनफर्थांपुढे.

"फसवून देत नाही," ती म्हणाली. "अर्थ तुम्ही ऐकलात. खाल्लात, तर वाट माझ्या आईची होती हे तुम्ही कबूल केलंत. आणि नाही खाल्लात तरी राग नाही. आर्व्हलला वैऱ्यालाही विचारतात."

"हा तमाशा आहे," स्टॅनफर्थ म्हणाले, आणि हात मागे बांधले.

थर्झाने तोच पाव एनॉकपुढे धरला. सगळं गाव बघत होतं. एनॉकला झिलाने लहानपणी चुलीपाशी बसवून जेवू घातलं होतं, त्याची आई क्षयाने गेली तेव्हा. पण एनॉक राहत होता ते घर स्टॅनफर्थचं, आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

"एनॉक," स्टॅनफर्थ म्हणाले, "खबरदार."

एनॉकने पाव घेतला, निम्मा एका घासात तोंडात कोंबला.

"थुंक तो!"

"अन्न आहे साहेब," एनॉक भरल्या तोंडाने म्हणाला. "थुंकत नाहीत."

"किल्ली दे इकडे. तुला कामावरून काढलंय मी."

"ही घ्या." त्याने किल्ली देऊन टाकली, घास गिळला आणि हलकेच म्हणाला, "किल्ली कुलपाची आहे. कुलपाला कोण हात लावतंय?"

आणि त्याने फाटकाच्या दुसऱ्या बाजूकडे बघितलं. थर्झानेही बघितलं. फाटक खांबातल्या दोन लोखंडी आकड्यांवर अडकवलेलं असतं. त्यातला वरचा आकडा खाली तोंड करून ठोकतात, म्हणजे कुणाला, विशेषतः बैलाला, फाटक उचलून काढता येत नाही. हे त्या डोंगरात दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. इथे दोन्ही आकडे वर तोंड करून होते. एनॉकच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं. आणि हिवाळाभर गाव त्याला शिव्या घालत होतं, पण जवळ जाऊन फाटकाकडे कुणी नीट बघितलं नव्हतं!

"बायांनो," थर्झा म्हणाली, "हात लावा."

आठ जणींनी फाटक धरलं. "थोल?" "थोल!" या वेळी डोंगर दणाणला. एका हिसक्यात फाटक आकड्यांवरून निघालं आणि कुलपाच्या बाजूने वळत उलटं उघडलं. साखळी तशीच, कुलूप तसंच, आता तेच बिजागरी झालेलं. स्टॅनफर्थ बाजूला सरकले. सरकले नसते तर पायावर आलं असतं.

"याला दरोडा म्हणतात!" ते ओरडले.

"काय चोरलं?" बेट्सीने विचारलं. "कुलूप आहे, किल्ली तुझ्या हातात आहे, फाटक आहे. मोजून घे."

पेटी उचलली. झिला मेड तिच्या वाटेने गेली. फाटकातून जाताना पाद्रीबाबा मध्येच उभे होते, ना इकडे ना तिकडे. थर्झाने टोपलीकडे मानेनेच खूण केली. त्यांनी एकदा स्टॅनफर्थांकडे बघितलं, एकदा पेटीकडे, आणि म्हणाले, "मला सकाळपासून भूक लागलीय." त्यांनी पाव घेतला आणि चावत चावत प्रार्थना म्हणत पुढे चालायला लागले.

माती दिली. थर्झा तिथे रडली, पोटभर, कुणाची लाज न धरता. मग सगळे परत निघाले, त्याच वाटेने, मुद्दाम.

फाटकापाशी स्टॅनफर्थ अजून होते. एकटे. मोटारीत जाऊन बसू शकले असते, पण बसले नव्हते. ओव्हरगिलची माणसं पलीकडे गेली आणि थर्झाने बायांना थांबवलं. "कोकरांचे दिवस आहेत," ती म्हणाली. "फाटक उघडं टाकलं तर पिल्लं भरकटतील. अडकवा परत." त्यांनी ते उचलून पुन्हा आकड्यांवर नीट बसवलं. कुलूप होतं तसं लागलेलंच होतं.

"उद्या वरचा आकडा फिरवून घेतो मी," स्टॅनफर्थ म्हणाले. "आणि तुम्हाला कोर्टात खेचतो."

थर्झा काही बोलणार, तोच बेट्सीने तट्टू फाटकाला भिडवलं.

"फिरव की," ती म्हणाली. "पण एक लक्षात ठेव, पोरा. आता पाळी माझी. मी एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि माझं इथे काही अडलेलं नाही. तू आकडा फिरवलास असं कानावर आलं ना, की त्याच रात्री मी मरते. मग ये सकाळी इथे, माझ्यासमोर उभा राहायला. आणि ही रेकलिंग असेलच माझ्या डोक्याशी."

कुणीतरी फसकन हसलं. मग थर्झा हसली, आईच्या नंतर पहिल्यांदा, डोळे पुसत पुसत. स्टॅनफर्थ हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. ते नुसते त्या म्हातारीकडे बघत राहिले, कारण ती खरंच मरेल याची त्यांना खात्री पटली असावी.

कोर्टाचं काही आलं नाही. एनॉकचं घर गेलं. बिऱ्हाड थर्झाच्या वरच्या खोल्यांत आलं, आणि पोरगी झाली तिचं नाव झिला ठेवलं. बेट्सी ट्राउझडेल त्यानंतर सहा वर्षं जगली, केवळ कुणी आकडा फिरवला नाही म्हणून, असं ती सांगायची. शेवटी कंटाळून गेली. आठ बाया तिला घेऊन चढ चढल्या, थर्झा डोक्याच्या बाजूला. "थोल?" "थोल." वर पोचल्या, तर फाटक सताड उघडं होतं, दगड लावून ठेवलेलं, आणि खांबाला साखळीही नव्हती.

आसपास कुणी दिसत नव्हतं. बायांनी एकमेकींकडे बघितलं. परवानगी कधी मागितली नव्हती, तेव्हा आभार मानायचा प्रश्नच नव्हता. थर्झाने लिचदगडाजवळ थांबून टोपलीतला एक पाव, तेव्हा गजांमधून पुढे केला होता तसाच, खांबावर ठेवला, आणि त्या पुढे गेल्या.